बेलापूरचे काळवीट

बेलापूर म्हटले की मुंबईकडील वाचकांच्या डोळ्यांपुढे खाडी, किल्ला आणि कचेऱ्यांच्या उंच इमारती उभ्या राहतात. माझे बेलापूर ते नव्हे. ते जुन्या नगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील, प्रवरेच्या काठचे. दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ साली सुरू झाला. त्यावरील एका स्थानकास या गावाचे नाव मिळाले, परंतु आगगाडी काही गावापर्यंत आली नाही. स्थानकाभोवती वखारी आल्या, पेठ आली, पुढे त्याचे श्रीरामपूर शहर झाले. आणि ज्याच्या नावाने स्थानक ओळखले गेले ते गाव दोन कोसांवर नदीकाठी आपल्या जुन्या वाड्यांसह मागे राहिले. लहानपणी आम्हांस याचा मोठा राग येई. आमच्या गावाचे नाव घेऊन गाडी दुसरीकडेच थांबते, ही आम्हां मुलांना उघड उघड फसवणूक वाटे.

गेल्या मार्गशीर्षात तेथे जाण्याचा योग आला तो हौसेने नव्हे. वाडा विकावयाचे ठरले होते. घरातील मंडळी पुणे, नाशिक, बडोदे अशी पांगलेली. वाड्याची पाखाडी ढासळलेली. तेव्हा या निर्णयास कोणाचा विरोध असण्याचे कारणच नव्हते. भांडी वाटली गेली, पोथ्या एका संस्थेस दिल्या, पाळण्याच्या साखळ्या माझ्या चुलतबहिणीने नेल्या. राहिली ती ओसरीवरील शिंगे.

ही शिंगे काळवीटाची. बावीस इंच लांब, मळसूत्रासारखी पिळदार, काळी, शिसवी पाटावर बसविलेली. ती विकता येत नाहीत हे प्रथम सांगितले पाहिजे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने काळवीट पहिल्या अनुसूचीत घातलेले आहे. त्याची शिकार केल्यास कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सात वर्षांचा कारावास सांगितला आहे, आणि जुनी शिंगे घरात असली तरी मालकीचा दाखला लागतो. आमच्या काकांनी तो वेळीच काढून ठेवला होता. २०२२ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि दाखला असलेल्या माणसास अशी वस्तू आपखुशीने शासनाच्या स्वाधीन करण्याची वाट मोकळी झाली. तिचा मोबदला मिळत नाही, तो कोणी मागूही नये. शिंगे स्वाधीन करावयाची असे आमच्या दादाने, म्हणजे थोरल्या चुलतबंधूंनी, ठरविले. मला म्हणाले, "तू लिहिणारा आहेस. शिंगे जाण्यापूर्वी त्यांची हकीकत एका कागदावर लिहून ठेव. पोरांना पुढे ठाऊक तरी असावे."

हकीकत सर्वांस पाठ होती. आजी ती सांगत असे. दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभीच्या एका हिवाळ्यात आमचे धाकटे आजोबा, घरातले अण्णा, यांनी गावाबाहेरच्या माळावर हे काळवीट मारले. हरभऱ्याचे पीक काळवीटांचे कळप रातोरात फस्त करीत, म्हणून पिकाच्या राखणीसाठी अण्णांनी बंदुकीचा परवाना काढला होता. ३१५ बोअरची रायफल होती. "गोळी थेट काळजात बसली हो," आजी सांगे, "आणि तरी तो मुका जीव दोन मैल धावला. प्रवरेपाशी आला, पाण्यात तोंड घातले आणि मग प्राण सोडला. गंगाजळ तोंडी पडल्याशिवाय गेला नाही!" येथे आजी डोळ्यांस पदर लावी. आम्हां मुलांना एकीकडून काळवीटाच्या पुण्याईचे आणि दुसरीकडून अण्णांच्या नेमाचे कौतुक वाटे.

मी कागद घेऊन बसलो, "गोळी थेट काळजात" एवढे लिहिले आणि "दोन मैल" या शब्दांपाशी माझी लेखणी अडली.

अडण्याचे कारण असे. दोन वर्षांपूर्वी कर्जत तालुक्यात रेहेकुरीच्या अभयारण्यात मी काळवीट धावताना पाहिले होते. हे अभयारण्य १९८० साली झाले. क्षेत्र जेमतेम सव्वादोन चौरस किलोमीटर, एखाद्या मोठ्या गावाच्या शिवाराइतकेही नाही. बाभळीची झुडपे, पिवळे गवत, आणि त्यात उभा असलेला तो काळा-पांढरा नर. मान मागे टाकून, शिंगे पाठीला टेकवून तो जेव्हा निघाला तेव्हा प्रथम तीन-चार उंच उड्या झाल्या, जणू काही आपल्याला घाई नाही हे त्याला दाखवावयाचे होते. आणि मग जे धावणे सुरू झाले ते डोळ्यांनी पकडता येईना. ताशी ऐंशी किलोमीटरपर्यंत त्याचा वेग जातो असे जाणकार सांगतात. एवढा वेग त्याला कशासाठी हवा, याचे उत्तर आता आपल्या माळांवर राहिलेले नाही. ते उत्तर म्हणजे चित्ता. कोल्हापूरच्या दरबारात माणसाळवलेले चित्ते गाडीवर बसवून नेत आणि काळवीटावर सोडीत. इकडचे चित्ते मिळेनासे झाल्यावर ते आफ्रिकेहून मागवावे लागले, आणि १९५२ साली हा प्राणी भारतातून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. ज्याला चुकविण्यासाठी हे पाय घडले तो गेला, पाय राहिले.

ऐंशी किलोमीटरांचा हिशेब मी तेथेच मनाशी केला होता. सेकंदास सुमारे बावीस मीटर. म्हणजे दोन मैल जावयाचे तर पूर्ण वेगानेसुद्धा जवळजवळ अडीच मिनिटे लागणार. आता काळजात गोळी बसलेल्या प्राण्यापाशी किती वेळ असतो? हृदय फुटले की रक्ताचा दाब कोसळतो, मेंदूला रक्त पोहोचत नाही आणि दहा ते पंधरा सेकंदांत शुद्ध हरपते. तेवढ्या वेळात पाय मात्र चालू राहतात, कारण स्नायूंमध्ये थोडे इंधन आधीच साठविलेले असते. ते जाळण्यास ताज्या रक्ताची वाट पाहावी लागत नाही. निष्प्राण होणारे हरिण धावते त्याचे रहस्य एवढेच. त्यात धैर्य नाही, हट्ट नाही. दहा सेकंदांचे शिल्लक इंधन आहे. बावीस मीटरांनी ते गुणले तर सव्वादोनशे मीटर होतात, आणि जखमी जनावर काही पूर्ण वेगाने धावत नाही. साधारण पन्नास पावलांपासून दीडशे-दोनशे पावलांपर्यंत, एवढीच त्याची मजल.

अमेरिकेत दक्षिण कॅरोलायना प्रांतात सुमारे पाचशे हरणांची मोजदाद झालेली आहे. ती तिकडील पांढऱ्या शेपटीची हरणे, आपली काळवीटे नव्हेत. काळवीट तर शास्त्राप्रमाणे हरणातही मोडत नाही, कारण त्याची शिंगे गळून पुन्हा उगवत नाहीत. तरी रक्त आणि हृदय दोघांचेही सारखेच. निम्मी हरणे जागच्या जागी कोसळली. हृदयात गोळी लागलेली सरासरीने ३९ यार्ड गेली, फुप्फुसात लागलेली ५०, आणि पोटात लागलेली ६९. हे शेवटचे आकडे वाचून मी चकित झालो होतो, कारण पोटात गोळी लागलेले जनावर कोसच्या कोस जाते असे आपण ऐकतो. त्याचा उलगडा मला बेलापुरास व्हावयाचा होता.

मुद्दा असा की आजीच्या गोष्टीतील दोन वाक्ये एकत्र नांदू शकत नव्हती. गोळी काळजात असेल तर दोन मैल खोटे. दोन मैल खरे असतील तर गोळी काळजात नव्हती. आणि तसे असेल तर ओसरीवर ऐंशी वर्षे टांगलेली ती शिंगे कशाची खूण आहेत, हे लिहावयास मी बसलो होतो.

श्रीरामपुराहून बेलापूरचा रस्ता आता दुतर्फा उसाचा आहे. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले आणि प्रवरेचे कालवे या मुलखात फिरले. हरेगावास साखर कारखाना आला. पुढे १९५० साली लोणीस विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या खटपटीने सहकारी कारखाना सुरू झाला, तो इतिहास वाचकांस परिचित आहेच. पाण्याने माणसांचे भले केले यात संशय नाही. आमचेही केले, आमच्या घरातील मुले शिकली ती उसाच्या पैशावर. परंतु काळवीटाला ऊस नको असतो. त्याला हवे असते उघडे माळरान, जेथून चहूंकडे नजर जाईल. ऊस वाढला तसा माळ गेला, माळ गेला तसे काळवीट गेले, आणि आता त्याच उसात बिबट्या पिले घालतो. रिक्षावाल्याने मला वाटेत तीन ठिकाणे दाखविली जेथे तो दिसला होता, आणि प्रत्येक ठिकाणी रिक्षा थोडी जोराने हाकली.

गावात शिरल्यावर केशवगोविंदाला दुरूनच हात जोडले आणि वाड्याकडे न जाता प्रथम मळ्याकडे वळलो. मळा विकून तीस वर्षे झाली. तथापि आमच्या जुन्या वाटेकऱ्याचा मुलगा अद्याप तेथेच शेजारी राहतो. वय ऐंशीच्या पुढे, दृष्टी मंद, स्मरण मात्र लख्ख. मी नाव सांगितले तसे त्याने माझे हात हातात घेतले. चहा झाला, घरोघरीच्या चौकशा झाल्या, वाडा विकल्याचे ऐकून तो थोडा वेळ गप्प राहिला. मग मी म्हणालो, "बाबा, अण्णांनी काळवीट मारले ती जागा दाखवाल का?"

"मारलं?" तो म्हणाला. "बरं, चला. दावतो."

माळ कसला, आता तेथे उसाचे खोडवे होते. परंतु बांधावर एक कडुनिंब आहे. त्याच्यापाशी अण्णा बसले होते एवढे त्याला त्याच्या बापाकडून ठाऊक होते. त्याचा बाप त्या दिवशी अण्णांच्या बरोबर होता. कडुनिंबाखाली टेकून म्हाताऱ्याने जे सांगितले ते मी त्याच्याच शब्दांत देतो.

"आमचा बा सांगायचा. गोळी कोठ्यात लागली. काळजात न्हाई भाऊ, कोठ्यात. बार झाला तसं त्ये उडालं न्हाई, वाकलं. पाठ अशी वर आली. मंग हळूहळू चालाया लागलं. रगत लई न्हवतं. हिरवं हिरवं पानी गळत व्हतं, गवताचा वास मारणारं. बा म्हनला, मालक, बसा हितंच. चिलीम वढा, दोन घटका जाऊ द्या. त्ये लांब जानार न्हाई, बसंल कुठंतरी, बसल्याजागी जाईल. पर अण्णास्नी दम निघंना. त्ये मागं पळाले. जनावर बसाया लागलं की ह्ये पोचायचे, की त्ये उठायचं. पुन्ना बसायचं, पुन्ना उठायचं. असं करत पार नदीवर."

हे ऐकताना मला त्या ६९ यार्डांचा अर्थ कळला. पोटात गोळी लागलेले हरिण कोसभर जाते ते गोळीमुळे नव्हे, मागे लागलेल्या माणसामुळे. त्याला त्याच्या दुःखासह एकटे सोडले तर ते थोड्याच अंतरावर आडोसा पाहून बसते. शिकाऱ्यांत जुना नियम आहे की बार केल्यावर प्रथम खाली बसावे आणि जमिनीकडे पाहावे. तांबडे, फेसाळ रक्त असेल तर फुप्फुस. लगेच जावे, शंभर पावलांत सापडेल. काळपट रक्त असेल तर यकृत, थांबावे. हिरवट पाणी असेल तर पोट, पुष्कळ थांबावे. उंच उडी घेऊन मान खाली घालून सुसाट सुटले तर ते काळीज, आणि पाठीची कमान करून चालू लागले तर ते पोट. वाटेकऱ्याला हे सगळे ठाऊक होते. अण्णांना बंदूक ठाऊक होती.

आणि पाणी? पोटाच्या जखमेने शरीर आतून कोरडे पडते, भयंकर तहान लागते. असे जनावर पाण्याच्या दिशेने जाते ही गोष्ट सर्व देशांच्या शिकाऱ्यांनी पाहिलेली आहे. आजीने ज्याला गंगाजळाची ओढ मानले ती तहान होती.

म्हाताऱ्याला घरी पोहोचवून मी कडुनिंबापासून नदीपर्यंत चालत गेलो. मोजीत गेलो. उसाच्या बांधांनी, मग पाटाच्या कडेने, मग गावाच्या खालच्या अंगाने. मध्ये दोनदा मोजणी चुकली, एकदा कुत्रे मागे लागल्यामुळे आणि एकदा एका गृहस्थांनी "कोणाकडचे?" म्हणून थांबवल्यामुळे, तरी अंदाजाने तीन हजार सातशे पावले भरली. म्हणजे सुमारे पावणेदोन मैल. आजीच्या दोन मैलांत फारशी भर नव्हती. तिने अंतर वाढवून सांगितले नाही. अंतर खरेच होते. वाढविली होती ती नेमबाजी.

नदीवर पाणी थोडे होते. म्हाताऱ्याने शेवटचा भाग निघताना दारात सांगितला होता, तो मी मुद्दामच मागे ठेवला आहे. काळवीट गुडघाभर पाण्यात जाऊन उभे राहिले. तोवर दिवस कलला होता. वाटेकरी म्हणाला, मालक, आता दुसरा बार टाका, सोडवा त्याला. अण्णांनी रायफल उचलली, पण हात इतके कापत होते की ती खांद्याला लागेना. त्यांनी ती खाली ठेवली. "शेवटी बानंच काय त्ये केलं," म्हातारा म्हणाला आणि आत गेला.

दुसरे दिवशी नेवाशावरून प्रवरासंगमास गेलो. आमच्या काकू, म्हणजे अण्णांच्या सूनबाई, वयाने नव्वदीच्या. त्यांनी निघताना संगमाचे पाणी आणावयास सांगितले होते. प्रवरा तेथे गोदावरीस मिळते. अलीकडे टोके, पलीकडे कायगाव, मधून छत्रपती संभाजीनगरास जाणारा मोठा रस्ता. जायकवाडीच्या नाथसागराचे पाणी मागे तेथवर पसरलेले असते, त्यामुळे संगम म्हणजे दोन प्रवाहांची गाठ असे न दिसता एक संथ, रुंद तळे दिसते. घाटावर सिद्धेश्वराचे सुंदर देऊळ आहे. त्याच्या भिंतींवरील शिल्पे पाहण्यास एक दुपार पुरत नाही. मजजवळ एक तासच होता.

पाणी भरून घेताना घाटावरील एका वृद्ध गृहस्थांनी विचारल्यावाचूनच गावाची कथा सांगितली. वनवासात रामाने सुवर्णमृगावर बाण सोडला, त्या मृगाची काया पडली ते कायगाव, आणि बाणाचे टोक पडले ते टोके. ही कथा मी लहानपणीही ऐकली होती. परंतु निफाडकडे नांदूर मध्यमेश्वरास, जेथील पाणथळ आता पक्ष्यांसाठी प्रसिद्ध असून महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ ठरले आहे, तेथे मृगव्याधेश्वराचे देऊळ आहे. आणि रामाने मारीचावर बाण सोडला तो तेथून, असे तेथील लोक सांगतात. दोन्ही गावांचे म्हणणे खरे धरावयाचे तर बाण लागल्यावर मारीच शंभर किलोमीटर धावला! गोदावरीच्या काठच्या लोकांनी आपल्या मृगास काही कमी दम दिलेला नाही.

गंमत अशी की वाल्मीकींनी हे काही सांगितलेले नाही. अरण्यकांडात बाण मारीचाच्या हृदयात शिरतो. तो ताडाच्या उंचीएवढा उसळतो आणि तेथेच पडतो. मग रामाच्या आवाजात सीतेला आणि लक्ष्मणाला हाक मारतो, तो पुढचा भाग निराळा. ताडाएवढी उंची ही कविकल्पना म्हणून सोडून देऊ. परंतु काळजात घाव बसलेले हरिण प्रथम उंच उडी घेते, हे पाहिल्यावाचून कोणाला सुचेल? आपल्या कवींना वन ठाऊक होते. शाकुंतलाच्या आरंभीचे हरिण मान वळवून मागे पाहत धावते. रघुवंशात दशरथ हरणावर नेम धरतो, तोच त्याची हरिणी मध्ये येऊन उभी राहते आणि राजा बाण आवरतो. हे काही पंडितांनी माडीवर बसून लिहिलेले नव्हे. गावोगावच्या कथांनी मात्र मृगाला लांब लांब पळविले, कारण प्रत्येक गावाला त्याचा थोडा थोडा भाग हवा होता. आमच्या घरालाही हवा होता.

परतीच्या गाडीत मी तो कागद पुरा केला. "गोळी पोटात लागली. अंतर सुमारे पावणेदोन मैल. जनावर मालकांनी नव्हे, वाटेकऱ्याने सोडविले." एवढेच लिहिले. वाटेकऱ्याचे नाव लिहिले. ते येथे देत नाही.

पुण्यास आल्यावर दादाने कागद वाचला. चष्मा काढून पुसला. "हे खरे असेल," तो म्हणाला, "पण काकूंना वाचून दाखवू नकोस. सासऱ्यांची एवढी एक गोष्ट त्या नातवंडांना सांगतात. कशाला?"

मला ते पटले आणि पटलेही नाही. असे पाहा, अण्णा जाऊन आता पन्नास वर्षे होत आली. त्यांना कोणी दोष देणार नाही. त्या काळी शिकारीस बंदी नव्हती, आणि पीक खाणाऱ्या जनावरावर गोळी घालणे हे कोणाही शेतकऱ्याने केले असते. तरीपण त्या काळवीटाचा तो एक दुपारभराचा प्रवास, पाच-सहा वेळा बसून पाच-सहा वेळा उठणे, हे आम्ही पुण्याईच्या गोष्टीत घालून तीन पिढ्या गोड मानून घेतले होते. निदान कागदावर तरी ते जसे होते तसे असावे, एवढेच माझे म्हणणे होते.

संध्याकाळी काकूंपुढे संगमाच्या पाण्याची बाटली ठेवली. त्यांनी ती कपाळाला लावली, थोडे पाणी तोंडात घेतले, बाकी देवघरात ठेवावयास सांगितले. मग विचारले, "मळ्यावर गेला होतास?"

"गेलो होतो."

"म्हातारा आहे का अजून?"

"आहे. बोलतो छान."

"मग त्याने सांगितले असेल," त्या म्हणाल्या.

मी दादाकडे पाहिले. दादा खिडकीकडे पाहू लागला.

"सासूबाई गोष्ट सांगावयास बसल्या," काकू म्हणाल्या, "की मामंजी उठत. जेवण अर्धे राहिले असले तरी उठत. परसात जाऊन विहिरीपाशी उभे राहत. मी नवी होते, मला वाटे त्यांना स्वतःची स्तुती आवडत नाही. पुढे एकदा बंदूक पोलीस ठाण्यात कायमची जमा करून आले, तेव्हा मी विचारले. तर म्हणाले, दोन मैल धावले म्हणता ना? दोन मैल कोण धावते, ठाऊक आहे का तुम्हांला?"

"आणि मग?"

"मग काय, त्यांनी उत्तर दिले नाही आणि मी पुन्हा विचारले नाही. कागद आण इकडे. माझा चष्मा कुठे आहे?"

शिंगे पुढल्या आठवड्यात वनखात्याच्या स्वाधीन झाली. तेथील तरुण अधिकाऱ्याने ती फुटपट्टीने मोजली, दाखल्यावरील आकड्याशी ताडून पाहिली आणि पोच लिहून दिली. ओसरीच्या भिंतीवर शिंगांच्या पाटाचा पांढरा चौकोन राहिला आहे. नवे मालक त्यावर रंग देणार आहेत.